बागेचा पडदा

१

मी चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिकनंतर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, आणि तेव्हापासून खडू, फळा आणि रंगपेट्या यांच्यातच दिवस गेले. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्रीच्या उरल्यासुरल्या वेळात. वाङ्मयाचे शास्त्र मी कोणापाशी शिकलेलो नाही. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते पंडिती समीक्षा म्हणून कोणी वाचू नये. एका वाचकाची, आणि अधूनमधून लिहिणाऱ्या माणसाची, ही तक्रार आहे. ती जितकी इतरांविषयी आहे तितकीच स्वतःविषयी आहे. कशी, ते ओघाने येईलच.

सातवीच्या मुलांना मी दर वर्षी 'आमची बाग' हा विषय चित्राला देतो. चित्रे ठरलेली येतात. डाव्या कोपऱ्यात सूर्य, उजवीकडे घसरगुंडी, मध्ये झोपाळा, खाली हिरव्या खडूचा पट्टा आणि एखादा फुगेवाला. मुले मुंबईची, कोणी चाळीतली, कोणी झोपडपट्टीतली, कोणी नव्या उंच इमारतीतली. पण त्यांच्या चित्रातल्या बागेत माळी नसतो, पाण्याचा पाइप नसतो, नियमांची पाटी नसते, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन बाकावर आडवा झालेला माणूस नसतो. ही मुले रोज ज्या बागेत खेळतात ती त्यांनी पाहिलेलीच नसते, असे म्हणण्याची वेळ येते. ती काढतात ती पुस्तकातली बाग.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीने कागदभर फाटक काढले. लोखंडी गज, गजांना गुंडाळलेली साखळी, साखळीला भलेमोठे कुलूप. आणि गजांच्या फटींतून दिसणारी बोटबोटभर झाडे. मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिले : 'विषय सोडून.'

त्या शेऱ्याची पुढे मला लाज वाटली. का वाटली ते सांगण्यापूर्वी आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या बागेकडे एकदा नीट पाहू. कारण हा शेरा मारण्याचे शिक्षण मला शाळेने दिले नव्हते. ते मी वाचलेल्या पुस्तकांनी दिले होते.

२

आपल्या रंगभूमीवर बाग आली ती पडद्यावरून. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि पुढे संगीत नाटकांच्या बहराच्या काळात रंगवलेले पडदे हे प्रत्येक मंडळीचे भांडवल झाले. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा आणि बागेचा पडदा. नायिका मैत्रिणीशी बोलायला आली की बागेचा पडदा सोडायचा. त्यावरची कारंजी, कमानी, गुलाबाचे ताटवे कोणत्या गावचे, हे विचारण्याचे कारण नव्हते. पडद्यापुढे पद म्हणायचे असे. मागे हिरवे काही दिसले म्हणजे पुरे.

गंमत अशी की ज्या नाटकावरून ही परंपरा सुरू झाली त्याच्या मूळ कर्त्याला हे मान्य झाले नसते. कालिदासाची शकुंतला आपल्याला पहिल्यांदा दिसते ती काम करताना. मैत्रिणींबरोबर घडे घेऊन ती आश्रमातल्या झाडांना पाणी घालते आहे. झाडाला पाणी लागते, ते कोणीतरी आणावे लागते, आणणाऱ्याचे हात दुखतात, एवढी साधी गोष्ट त्या थोर कवीच्या प्रवेशात आहे. आपण प्रवेश घेतला, घडे खाली ठेवले आणि पडदा तेवढा टांगला.

पडदे पुढे गेले. नाटक बदलले, कथा बदलली. १९४५ नंतरच्या नवकथेने माणसाच्या मनाचे कोपरेन् कोपरे धुंडाळले, आणि मुंबई पहिल्यांदाच तिच्या गर्दीसकट, घामासकट मराठीत आली. मर्ढेकरांच्या कवितेने या शहराची सकाळ आपल्याला दाखवली. परंतु बागेचा पडदा मात्र त्या गडबडीत कोणी उतरवायचा राहूनच गेला, असे मला वाटते. आजही मासिकांतून येणाऱ्या कथांत 'ती दोघे बागेतल्या बाकावर बसली' असे वाक्य आले की पुढचे मी डोळे मिटून सांगू शकतो : संध्याकाळ असेल, गुलमोहर असेल, दूर मुले खेळत असतील, आणि दोघांपैकी एक जण काहीतरी निर्णय सांगेल. बाक कोणी ठेवला, त्यावर आधी कोण बसले होते, त्यांना उठावे लागले का, दिवे किती वाजता लागतात, पहारेकरी शिट्टी केव्हा वाजवतो, यांतले एकही पुढे येणार नाही. दूर खेळणारी मुले तर शेवटपर्यंत दूरच खेळत राहतात.

एवढे सगळे बागेविषयी लिहावे असे तिच्यात आहे तरी काय, असे कोणी विचारील. म्हणून मुंबईच्या बागांविषयी थोडे सांगतो. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमध्ये आपण जनावरांच्या आकाराची कापलेली झुडपे पाहतो, तेव्हा पायांखाली शहराला पाणी पुरवणारी टाकी असते. समोरच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात चढून समुद्र पाहिला नाही असे माझ्या पिढीचे मुंबईचे मूल विरळाच. १८९६ साली शहरात प्लेग आला. माणसे दाटीवाटीने राहतात, खोल्यांत हवा-उजेड नाही, याची सरकारला एकाएकी आठवण झाली, आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडच्या आखीव रस्त्यांत, इमारतींमध्ये मोकळ्या सोडलेल्या चौकोनांत त्या भीतीचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्या बागेत आपला नायक निर्णय सांगतो ती सौंदर्यासाठी जितकी जन्मली तितकीच मृत्यूच्या धाकानेही जन्मली. दादरचे मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झाले. दोन वर्षांनी, १९२७ साली, अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. आता सरकारी दप्तरात त्याआधी 'छत्रपती' आणि मध्ये 'महाराज' आहे. बोलण्यात मात्र शिवाजी पार्कच.

याच मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. याच मैदानावर पोरे सकाळी पांढऱ्या कपड्यांत जाळ्यांपुढे उभी राहतात. दर वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारा लाखोंचा समाज इथेच उतरतो, आणि ओळीने मांडलेल्या दुकानांतून पुस्तके घेऊन परत जातो. खेड्यातून रात्रीच्या गाडीने आलेला माणूस शिदोरीच्या पिशवीत चार पुस्तके घालतो, हे मी तिथे उभा राहून पाहिले आहे. आपल्या वाङ्मयाचा आणि सार्वजनिक मैदानाचा याहून खरा संबंध मला दुसरा माहीत नाही. तो संबंध वाचकांनी जोडला आहे, लेखकांनी नाही.

मग २०१० साली हेच मैदान मुंबई उच्च न्यायालयाने शांतता क्षेत्र ठरवले. आसपासच्या रहिवाशांची तक्रार होती की भोंग्यांनी जगणे नकोसे होते. अलीकडच्या वर्षांत तिथल्या लाल मातीची धूळ घरांत येते, ही तक्रार. आता पाहा : ज्याला बोलायला दुसरी जागा नाही त्याची सभा खरी, आणि तिसऱ्या मजल्यावर आजारी आईच्या उशाशी बसलेल्या मुलीचा वैतागही खरा. ज्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या असतात तिथे कादंबरी उभी राहायला जागा असते, असे मी समजतो. ते भांडण न्यायालयात गेले, वर्तमानपत्रांत गेले. कादंबरीत आले नाही.

३

मराठी लेखकाला शहर दिसलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दिसले, आणि उत्तम दिसले. पण कुठून दिसले, ते पाहिले पाहिजे.

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. तिच्यातले गच्चीचे प्रकरण मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. गच्ची आपल्याला मिळावी म्हणून चाळकरी चळवळ उभारतात, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची सारी भाषा त्या चार भिंतींच्या आत अवतरते. आपण हसतो ते चळवळीच्या आवेशाला. पण मागणी हसण्यासारखी नाही. खोलीत मावत नाही एवढे आयुष्य माणसापाशी असते, आणि ते उलगडायला चार हात उघडी जागा त्याला हवी असते. समाईक मोकळ्या जागेविषयी मराठीत लिहिले गेलेले इतके जिवंत लेखन मला दुसरे सापडत नाही. विनोदी म्हणून ते बाजूला ठेवले गेले, ही आपल्या समीक्षेची चूक. मात्र गच्ची झाली तरी ती चाळीचीच. तिच्यावर हक्क सांगणारे सारे एकमेकांना नावाने, आडनावाने आणि थकलेल्या भाड्याने ओळखतात. तिथे अनोळखी माणूस येत नाही.

जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ सालची. झोपडपट्टीतले जिणे इतक्या उघड्या डोळ्यांनी मराठी कादंबरीने त्यापूर्वी क्वचितच पाहिले असेल. तिथे आडोसा हीच चैन आहे. सारे उघड्यावरच चालते. ज्याला दारच नाही त्याला बाग कशाला, असे ती कादंबरी वाचताना वाटते, आणि ते योग्यच आहे. नारायण सुर्वे यांनी 'माझे विद्यापीठ' १९६६ साली दिले. शाळेत आधी शिपाई आणि मग मास्तर झालेल्या त्या कवीला रस्त्याने शिकवले, आणि त्याने रस्त्याचे ऋण फेडले. शाळेतल्या माझ्या खणात ते पुस्तक मी नेहमी ठेवतो. ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ साली सभ्य मुंबईच्या पाठीमागची मुंबई समोर आणून ठेवली. चाळ, झोपडी, रस्ता, गल्ली : या चार जागा मराठी लेखकांनी जिंकल्या, यात वाद नाही.

भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ सालची. ती मला इथे सर्वांत महत्त्वाची वाटते. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली, आणि पुढे कित्येक वर्षे चर्चा झाली ती अश्लीलतेची आणि भाषेची. तो वाद आता जुना झाला. आज ती वाचताना माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो : नाका कोणाचा? नाका सर्वांचा असतो. पण कादंबरीत तो पोक्या आणि त्याच्या टोळीचा आहे. पोरे तिथे उभी असतात; बाकीचे जग तिथून जात असते. मुली, बाया, म्हातारे, सारे जाणारे. उभे राहण्याचा अधिकार एका टोळीला आणि मान खाली घालून निघून जाणे बाकीच्यांना, ही सार्वजनिक जागेची खरी घडण पाध्ये यांनी पोक्याच्याच तोंडून, कोणताही उपदेश न करता, सांगून टाकली आहे. पोक्याला ती घडण दिसत नाही, वाचकाला दिसते. यातच लेखकाची ताकद आहे. उणीव एवढीच राहिली की नाक्यावरून मान खाली घालून गेलेल्या मुलीची कादंबरी त्याच तोडीने नंतर कोणी लिहिली नाही. ती मुलगी पुढे कुठे जाऊन बसली? बसायला तिला जागा होती का?

इथे मला माझा मुख्य मुद्दा सापडतो. आपल्या कादंबरीत नातेवाईक फार आहेत. अनोळखी माणूस फार थोडा आहे. आई आणि मुलगा, नवरा आणि बायको, मालक आणि नोकर, मित्र आणि मित्र, या नात्यांतली दुःखे आपण बारीक सुईने विणली. पण ज्याच्याशी आपले काही नाते नाही, ज्याची जात, पगार, गाव आपल्याला ठाऊक नाही, आणि तरी ज्याच्या शेजारी अर्धा तास बसावे लागते, त्या माणसाचे काय करायचे हे आपल्या कथेला कळत नाही. चाळीत चाळकरी भेटतो, झोपडीत झोपडीकर, ब्लॉकमध्ये ब्लॉकवाला. तिघे एका लाकडी फळीवर बसतील अशी जागा शहरात एकच : बागेतला बाक. तोच आपल्या कथेत पडद्यावर रंगवलेला आहे.

अनोळखीपणाला आपण किती भितो हे बागेतच पाहावे. दहा मिनिटे शेजारी बसले की माणूस 'काका' होतो, म्हातारी 'आजी' होते, पोर 'बाळ' होते. ही आपल्या भाषेची माया खरी. ती मला सोडवत नाही. पण तिच्यात एक सोयही आहे. नाते लावले की समोरचा कोण हे विचारायची गरज उरत नाही. आणि ज्याला 'काका' म्हणायला जीभ वळत नाही तो आपोआप 'बाहेरचा' ठरतो.

४

एडवर्ड ऑल्बी या अमेरिकन नाटककाराचे 'द झू स्टोरी' हे छोटे नाटक १९५९ साली प्रथम बर्लिनमध्ये रंगभूमीवर आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला एक बाक, त्यावर पुस्तक वाचत बसलेला खाऊनपिऊन सुखी गृहस्थ, आणि त्याच्याशी बोलायला आलेला एक एकाकी माणूस. बोलणे वाढत जाते. आलेला माणूस बाकावर सरकत सरकत त्याला ढकलू लागतो, आणि तो शांत गृहस्थ बाकासाठी जिवावर उदार होऊन भांडायला उठतो. शेवटी सुरी निघते. बाक दोघांपैकी कोणाच्याच मालकीचा नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. या नाटकातला हिंसेचा शेवट मला थोडा ओढून आणल्यासारखा वाटतो. आपल्याकडचा गृहस्थ हातघाईवर येणार नाही. तो उठून घरी जाईल आणि अर्ज लिहील. पण बाक ही केवळ बसायची वस्तू नाही, तिच्यावर माणसाची सारी मिळकत उघडी पडते, हे त्या नाटककाराने ओळखले.

परदेशात जाण्याचेही कारण नाही. अरुण कोलटकरांनी काळा घोडा इथल्या वाहनांच्या वर्दळीतल्या तिकोनी तुकड्याकडे वर्षानुवर्षे पाहिले. तिथे पसरलेले कुत्रे, तिथे येणारी इडलीवाली, तिच्याभोवती जमणारी घर नसलेली माणसे आणि त्यांची न्याहारी : या साऱ्यांना त्यांनी एखाद्या राजसभेचा मान दिला. एवढे धीराने, एवढे प्रेमाने सार्वजनिक जागेकडे पाहणारा दुसरा कवी मुंबईला मिळाला नाही. ते पुस्तक २००४ साली आले, आणि ते इंग्रजीत आहे. 'भिजकी वही' लिहिणाऱ्या कवीविषयी मराठी-इंग्रजीचा वाद घालण्यात अर्थ नाही; दोन्ही भाषा त्याच्याच होत्या. तरीही मनात येते की त्या तिकोनावरच्या माणसांसाठी मराठीत जागा होती का? मराठीत लिहिले असते तर आपण त्या इडलीवालीला लगेच 'मावशी' करून टाकले असते, आणि ती आपल्या हातून निसटली असती.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने १९५६ साली बाराही महिन्यांची झाडे आपल्याला दाखवली. झाड पाहायला त्यांनी आपल्याला शिकवले. झाडाखालचा माणूस पाहायला आपण आपले शिकायला हवे होते.

५

आता माझी गोष्ट.

आमच्या वस्तीत एक लहान बाग आहे. दोन पिंपळ, एक सोनमोहर, सात बाक, लहान मुलांची खेळणी आणि फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ. माझ्या दुसऱ्या कादंबरीत ही बाग आहे. नायक आणि त्याची बायको तिथे एका संध्याकाळी बोलतात. नळ त्या प्रकरणात नाही. कादंबरी वाचून आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमन मला म्हणाले, "सर, छान लिहिलंय, पण आपली बाग मला काही ओळखू आली नाही." मी ती प्रशंसा समजलो.

तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या काही मंडळींनी ठरवले की बाग दुपारी बंद ठेवावी. दुपारी तिथे नको ते लोक येऊन झोपतात, जेवतात, नळावर हातपाय धुतात, बाकांवर जोडपी बसतात. अर्ज करायचा होता. "सर, तुम्ही लेखक, तुम्हीच मसुदा करा," असे म्हणाल्यावर मी नाही म्हणालो नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. शेजाऱ्यांना माझ्या लेखणीचा उपयोग पहिल्यांदाच झाला होता.

त्या अर्जाची एक प्रत मी ठेवली आहे. समीक्षा करायचीच तर आधी तिची करतो.

'सदर उद्यानात दुपारच्या वेळी बाहेरील व्यक्तींचा वावर वाढल्याचे निदर्शनास आले आहे.' हे पहिले वाक्य. निदर्शनास कोणाच्या आले? मी तर दुपारी शाळेत असतो. 'बाहेरील' म्हणजे कशाच्या बाहेरील? बाग सार्वजनिक, तिच्या बाहेरचा असा कोणी असूच शकत नाही. 'व्यक्ती' हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण 'माणसे' म्हटले असते तर ती डोळ्यांपुढे आली असती. 'वावर' हा शब्द तर आपण चोरांविषयी आणि श्वापदांविषयी वापरतो. पुढे 'अनिष्ट प्रकार', 'रहिवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने', 'योग्य ती कार्यवाही'. एकही वाक्य खोटे नाही, आणि एकाही वाक्यात कोणी दिसत नाही. शुद्धलेखनाची चूक नाही. अर्जावर बेचाळीस सह्या झाल्या, पहिली माझी. फाटकाला दुपारी बारा ते चार कुलूप लागू लागले.

फाटक काढणाऱ्या मुलीची आई त्यानंतर वर्षभराने पालकसभेला शाळेत आली. मुलीचे गुण पाहून जरा खट्टू झाली होती. आमच्याच वस्तीत ती तीन घरची धुणीभांडी आणि एका घरचा स्वयंपाक करते, हे मला तेव्हा कळले. सकाळची दोन घरे बाराला आटोपतात, दुपारची चारला सुरू होतात. घर पुढच्या स्टेशनापलीकडे. जाऊन येणे परवडत नाही.

"आधी बागेत डबा खायचो, सर," ती म्हणाली. "आम्ही चौघीजणी. नळ होता. जरा पाठ टेकायची. सुट्टीला ही पण माझ्याबरोबर यायची, पिंपळाखाली अभ्यास करायची. आता बंद केली ना. आता जिन्यात बसते. वॉचमन उठवतो मग खाली दुकानाच्या पायरीवर."

कोणी बंद केली, हे तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही. त्या दिवशी मी वहीतला 'विषय सोडून' हा शेरा खोडला आणि चारचे आठ केले. ती घाबरून म्हणाली, "राहू दे सर, चुकलं असंल तिचं." मास्तराने एकदा दिलेला शेरा बदलतो, यावर तिचा विश्वास बसला नाही.

मी विचार करतो तो हा : मला तो अर्ज इतक्या सहज लिहिता कसा आला? मी काही निर्दय माणूस नाही. कादंबरीतल्या मोलकरणीच्या दुःखावर मी एक आख्खे प्रकरण लिहिले आहे, आणि ते वाचून डोळ्यांत पाणी आल्याची पत्रे माझ्यापाशी आहेत. पण ती मोलकरीण घरातली आहे. ती नायिकेला 'वहिनी' म्हणते. दुपारी बारा ते चार ती कुठे असते हे मी लिहिले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. नात्यातून सुटली की ती 'बाहेरील व्यक्ती' झाली. माझ्या कादंबरीची भाषा आणि माझ्या अर्जाची भाषा वेगवेगळ्या आहेत असे मी समजत होतो. दोन्हींतली बाग एकच निघाली : रिकामी, हिरवी, संध्याकाळची. कादंबरीत मी ती आधीच रिकामी केली होती. अर्जाने तेवढे कुलूप लावले.

म्हणून वाटते की आपल्या कथेतल्या बागेचा प्रश्न हा निव्वळ तपशिलाचा प्रश्न नाही. नळ लिहिला, पाटी लिहिली, पहारेकऱ्याची शिट्टी लिहिली म्हणजे झाले, असे मी म्हणत नाही. तपशिलांची यादी म्हणजे कथा नव्हे, हे मलाही कळते. परंतु जो तपशील आपण गाळतो तो बहुधा कोणातरी माणसाला घेऊन जातो. नळ गेला की त्या चौघीजणी गेल्या.

६

याला दुसरी बाजू नाही असे नाही. बागेत दुपारी एका शाळकरी मुलीची छेड काढली गेली होती, ही गोष्ट खरी. तिच्या वडिलांचीही सही त्या अर्जावर आहे, आणि ती माझ्या सहीपेक्षा प्रामाणिक आहे. नळापाशी चिखल होई, हेही खरे. दुपारी पहारेकरी ठेवायला पैसे नाहीत, हे उत्तर मला मिळाले, तेही खोटे नसेल. या सर्वांना एका बाकावर बसवून लिहिता आले तर ती कादंबरी होईल. मी तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा दुसऱ्याच पानावर त्या चौघींपैकी एक कोणाला तरी 'दादा' म्हणाली, आणि मी पान फाडले.

तोवर दुसरा अर्ज लिहिला आहे. बाग दुपारी उघडी राहावी, नळ चालू असावा, एक पहारेकरी असावा. या वेळी पहिले वाक्य असे आहे : 'आमच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी डबा खायला आणि पाठ टेकायला जागा नाही.' पोस्टमन मला म्हणाले, हे अर्जासारखे वाटत नाही. पण त्यांनी सही केली. छेड काढली गेलेल्या त्या मुलीच्या वडिलांकडे मी दोनदा गेलो. त्यांनी चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि परत केला. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत अर्जावर अकरा सह्या झाल्या आहेत. आधीच्या बेचाळीसांपैकी त्यांत चौघेच आहेत, माझी सही धरून.